घरच्या कंप्युटरवरची पाळत

मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, शनिवारी कारंजाले जाऊन राह्यले का?"

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई. असंच विचारलं. जायचं असन तर उन्हाचं एस्टीनं जाऊ नका."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ शेंगा तशाच घेऊन बसलो. कारंजाला जायचं मी ठरवलं होतं हे खरं, पण ते शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं, स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं नव्हतं. फक्त एका पत्रात लिहिलं होतं, आणि ते पत्र कारंजाच्याच एका बाईंना ईमेलने गेलं होतं.

त्या बाईंबद्दल आधी सांगतो. शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीची शेवटची वर्षं वाशीमला गेली म्हणून त्यांचं पेन्शन इथल्याच शाखेत राहिलं होतं. हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही बँकेत एकाच बाकावर बसलो होतो. कारकून जेवायला गेला होता. त्या म्हणाल्या, "दरवर्षी एवढ्या दूर येऊन जित्ती आहो म्हनून सांगा लागते. घरी तर कोनी विचारतबी नाई." मी हसलो, त्याही हसल्या. माझी बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यांचे यजमान तर त्याच्याही आधी गेलेले. त्या पुतण्याच्या घरी राहायच्या. तिथे फोनवर बोललं की चारी खोल्यांत ऐकू जातं, म्हणून त्यांनी लिहायचं सुचवलं. त्यांना टाइप येत होतं. मला मुलाने नुकतंच शिकवलं होतं.

तर आम्ही लिहू लागलो. त्या शाळेतल्या मुलींच्या गमती लिहायच्या, अंगणातल्या लिंबावर येणाऱ्या पोपटांबद्दल लिहायच्या, पुतण्याची बायको डाळीत किती हिंग घालते त्याबद्दल लिहायच्या. मी माझ्या नोकरीतलं लिहायचो. सकाळी चहा घेऊन कंप्युटरपाशी बसायचं आणि त्यांचं पत्र आलंय का पाहायचं, ही माझी सवय झाली. लग्न हा शब्द आधी त्यांनी लिहिला, आणि पुढच्याच ओळीत लिहिलं, "हसू नका." मी हसलो नाही. शनिवारी मी त्याच बोलण्यासाठी जाणार होतो.

मुलाच्या त्या फोननंतर मी गेलो नाही. कुठूनतरी गावात बोभाटा झाला असावा असं वाटून मी पाय मागे घेतला. त्यांना तसं कळवलं आणि थोडं थांबू म्हणालो.

मग गुडघ्याची गोष्ट घडली. एका सकाळी मी त्यांना लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता उजवा गुडघा कसा सुजतो, जिना उतरताना कसा कळ मारतो, हे सगळं लिहून गेलो. वाचून पाहिलं तर ते रडगाणं वाटलं. लग्नाचं बोलायचं आणि गुडघे दाखवायचे, हे बरं दिसेना. पत्र न पाठवता पूर्ण पुसून टाकलं. त्यानंतर काही दिवसांनी कुरियरवाला आला. मुलाने गुडघ्याला चढवायचा पट्टा पाठवला होता, चांगल्यातला. त्या दिवशी मी खुश होतो. पोरगा दूर राहून आपली काळजी करतो, असं मी शेजाऱ्याला मुद्दाम बोलावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पट्टा चढवताना हात थांबला. मी गुडघ्याबद्दल कोणालाच बोललो नव्हतो. जे लिहिलं होतं ते कुणाला गेलंच नव्हतं. ते फक्त माझ्या बोटांनी कळा दाबून काढलं होतं आणि परत खोडलं होतं.

त्याच सुमारास कारंजाची पत्रं आखूड होत गेली. आधी पानभर यायचं ते चार ओळींवर आलं, मग एका ओळीवर, मग बंद झालं. मी लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर नाही.

माझ्या कंप्युटरात कोणी चोर शिरला असेल असं मला वाटलं. मी मुलालाच फोन केला. तो सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. कंप्युटर त्यानेच दिवाळीला आणून समोरच्या खोलीत मांडून दिला होता. व्हायरस आणि हेरगिरी दोन्ही रोखणारा प्रोग्राम विकत घेऊन त्यानेच त्यात टाकला होता. तो म्हणाला, "कोपऱ्यात हिरवी खूण दिसते ना? मंग काई नाई, बाबा. तुमी घोर करू नका."

हिरवी खूण दिसत होती. पण मी जन्मभर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलेला माणूस. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे आणि कोणतं खत किती घालायचं ते आम्ही तपासून सांगायचो. निकाल पटला नाही तर तीच माती ते दुसऱ्या प्रयोगशाळेत नेत आणि दोन्ही कागद घेऊन आमच्याशी भांडायला येत. मी त्यांना कधी चुकीचं म्हटलं नाही. एका निकालावर भिस्त ठेवू नये हे मला माहीत होतं. मी ठरवलं, हा कंप्युटरही दुसऱ्या हाताने तपासून घ्यायचा.

बाजारातल्या कंप्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा नव्हता. त्याने आधी एक फुकटातला प्रोग्राम पेन ड्राइव्हवर दिला. घरी येऊन तो चालवला तर पडदा लालेलाल झाला. शेकड्याने धोके दाखवले. मी घाबरलो. मग एकेक उघडून वाचलं तर ते बहुतेक वर्तमानपत्रांच्या आणि रेल्वेच्या साइट्सनी ठेवलेल्या खुणा होत्या, आणि शेवटी तो म्हणत होता, पैसे भरा म्हणजे सगळं साफ करतो. सगळ्याच मातीत काही ना काही दोष निघतोच, म्हणून सगळ्यांना सगळं खत विकणारे दुकानदार मी पाहिले होते. हा त्यातलाच निघाला. शिवाय मुलाचा प्रोग्राम त्याला घुसखोर म्हणू लागला आणि तो मुलाच्या प्रोग्रामला. कंप्युटर असा अडखळू लागला की एक अक्षर उमटायला वाट पाहावी लागे.

पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, एका म्यानात दोन तलवारी कायले घालता? ते काढा. हे घ्या, हे फक्त हेरगिरीवालं धरते. व्हायरस-गियरस पाहत नाई."

हा तिसरा प्रोग्राम साधा होता. रंग नाहीत, जाहिरात नाही. दुपारी वीज गेली म्हणून मधेच बंद पडला, संध्याकाळी परत पहिल्यापासून लावला. त्याला एकच वस्तू सापडली. खाली लिहून आलं की हा प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ टिपतो, पडद्याचे फोटो काढतो आणि ते बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवतो.

मग मुलाच्या प्रोग्रामला तो का दिसला नाही? मी त्याच्या आतलं एकेक पान उघडत गेलो. त्याला तो दिसला होता. पण त्याच्या लेखी ती हेरगिरी नव्हती. त्याने त्याला नाव दिलं होतं 'कुटुंबासाठी देखरेख', आणि पुढे लिहिलं होतं की कंप्युटरच्या मालकाने याला परवानगी दिलेली आहे. मालक म्हणून मुलाचं नाव होतं. मी त्यात फक्त वापरणारा होतो.

तरीही मी लगेच मानलं नाही. बापाचं मन पळवाट शोधतं. प्रोग्राम चुकला असेल, दुकानदाराने काही भलतंच दिलं असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. प्रयोगशाळेत असा संशय आला की आम्ही ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा नमुना लावून पाहायचो. मी तेच केलं. सकाळी एक कोरं पान उघडलं आणि टाइप केलं, "रक्तदाबाच्या गोळ्या मी महिन्यापासून बंद केल्या आहेत. कोणाला सांगितलेलं नाही." हे खोटं होतं, गोळी मी रोज घेतो. पान जतन केलं नाही, बंद केलं, आणि कंप्युटरही बंद केला.

त्याच संध्याकाळी फोन आला. "बाबा, गोळ्या घेऊन राह्यले ना बरोबर?"

मी म्हणालो, "रविवारी घरी ये."

तो आला. प्रवासाने थकला होता. मी चहा दिला. मग त्याला कंप्युटरसमोर बसवलं आणि तिसऱ्या प्रोग्रामचा निकाल दाखवला. त्याने तो एका नजरेत वाचला. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

"बाबा, हे स्पायवेअर नाई. पॅरेंटल कंट्रोल म्हणतात याले."

"आपल्यात पॅरेंट कोन आहे?"

तो पुण्याच्या ऑफिसात बोलत असेल तशा भाषेत बोलू लागला. म्हणाला, एकट्या म्हाताऱ्या माणसांना ऑनलाइन फसवणारे लोक फार आहेत. तुम्ही कोणत्या साइटवर जाता, कोणाला काय देता, यावर कोणाचं तरी लक्ष असायला हवं. मी रोज वाचत नव्हतो. तुमच्या सुरक्षिततेसाठीच केलं.

"मले सांगून काहून नाई केलं?"

"सांगतलं असतं तर तुमी करू देलं असतं?"

"नाई."

"मंग?"

मी विचारलं, "कारंजाच्या बाईंचं तुले किती माहीत आहे?"

तो खाली पाहू लागला. तेव्हा मला कळलं की अजून काही उरलंय. त्यानेच सांगितलं. त्याने बाईंना फोन केला होता. नंबर बाईंच्याच एका पत्रातून मिळाला होता. "मी आदरानं बोललो, बाबा. आईचं घर आहे ते. लोकं काय म्हनतीन, माह्या सासरचे काय म्हनतीन, एवढंच म्हनलं. काई वाईट बोललो नाई."

"त्याईनं लिहिलेलं तू वाचलं हे त्याईले समजलं का?"

"मी म्हनलं ना, मले सगळं माहीत आहे म्हनून. त्याईनं इचारलं, काय माहीत आहे. तवा दोन ओळी वाचून दाखवल्या."

कोणत्या ओळी ते मी विचारलं नाही. त्याने जेवून जावं असं म्हणालो, पण तो जेवला नाही आणि मीही आग्रह केला नाही. त्याच दुपारी दुकानदाराकडे नेऊन मी कंप्युटर आतून पूर्ण पुसून घेतला. ईमेलमधली सगळी पत्रंही पुसायला लावली, त्यांची आणि माझी. ती त्या पाहणाऱ्या डोळ्यांतून गेलेली होती, ठेवावीशी वाटली नाहीत.

मग मी कारंजाला गेलो, सकाळच्या एस्टीने. पुतण्याच्या घरी बाई अंगणात गहू निवडत होत्या. मला पाहून उठल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. आत पुतण्याची बायको होती, म्हणून आम्ही हळू बोललो. मी झालेलं सगळं सांगितलं. म्हणालो, आता कंप्युटर स्वच्छ आहे. ते काढून टाकलं.

त्या सुपात बोटं फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्या पोराचा आवाज तुमच्यासारखाच आहे. मले पयले वाटलं तुमीच बोलता. अन् तो माह्याच ओळी मले वाचून दाखवून राह्यला होता."

"माह्या मनात असं नव्हतं."

"मले माहीत आहे. तुमच्यावर राग नाई." सुपातला खडा वेचून टाकत म्हणाल्या, "पन आता लिहाले बसलं का कोनीतरी मांगं उभं आहे असं वाटते. दोन-तीनदा बसून पाह्यलं. होत नाई."

मी म्हणालो, लिहू नका, मी येत जाईन. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्या घरात त्यांना रोज राहायचं होतं, मला नाही. मी चहा घेतला आणि परतीची बस धरली.

मुलगा आता आठवड्यातून एकदा फोन करतो. पाऊस कसा आहे, सोयाबीन कसं आहे, सुनेची तब्येत कशी आहे, एवढं बोलणं होतं. मी बोलताना शब्द निवडून घेतो, तोही घेतो. त्याने एकदाच क्षमा मागितल्यासारखं काही म्हटलं, की त्या प्रोग्रामची गरज नव्हती, त्याच्या ऐवजी दररोज फोन करायला हवा होता. मी हो म्हणालो. मनातून काही गेलं नाही. मुलाने चोरी केली असती तर मी एखाद्या वेळी विसरलो असतो. काळजीने केलं म्हणतो, त्यामुळे रागावताही धड येत नाही आणि माफही करता येत नाही.

या वर्षी हयातीच्या दाखल्याला बाई बँकेत दिसल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांनी पेन्शनचं खातं कारंजालाच नेलं. मी त्यांना हाताने एक पत्र लिहिलं, पाकिटात घालून, चांगलं चिकटवून पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. पोस्टकार्ड होतं. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं सरळ, गोल. लिहिलं होतं की प्रकृती ठीक आहे, गहू बरा झाला, आपणही प्रकृतीस जपावे. पोस्टमनने, पुतण्याने, कोणीही वाचलं तरी चालेल असं ते होतं.