देवीनं गाडी निर्दोष सोडली

आमच्या गाडीचं स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. मी डावीकडे वळवायचं, गाडीनं जरा विचार करायचा, आणि मग वळायचं. दर रविवारी मी पनवेलहून जासईला आईकडे जाते. तिला न्हाऊ घालायला माझ्याशिवाय कुणी नाही. त्या रस्त्याला पुढे कंटेनर, मागे कंटेनर. जीव मुठीत धरून जायची मी.

नवऱ्याला सांगितलं. हे म्हणाले, "पंधरा वर्षं चालवतोय, मला कसं जाणवलं नाही? तू साठीला गाडी शिकलीस. हात कच्चा आहे तुझा."

कसं जाणवेल? हा माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा ताक घुसळल्यासारखं स्टिअरिंग हलवत असतो! गाडी ढिली होत गेली तसे हातही सवयीनं जास्त हलत गेले. त्याला हे "माझी पद्धत" म्हणतात.

एवढ्यावर थांबले असते तर मी कशाला बोलले असते? पण नाही. यांनी सरळ गाव गाठलं आणि ग्रामदेवीला कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, विहीर, सगळं विचारून झालेलं, आता स्टिअरिंग! यांनी विचारलं, "गाडीत दोष आहे का?" डावी पडली. देवीच्या डोक्यावर पंखा गरगरत होता, पण ते कोण बघतो? गाडी निर्दोष सुटली, म्हणजे दोषी मी. किल्ली लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात गेली.

दोन रविवार मी एसटी आणि रिक्षा करत भर दुपारी पोचले. आई सकाळपासून न्हाणीच्या दारात स्टुलावर, मांडीवर टॉवेल घेऊन बसलेली. मला रडूच आलं.

घरी आल्यावर म्हटलं, "देवीचा शब्द खरा ना? मग मेकॅनिकला दाखवायला भीती कसली?"

"होऊन जाऊ दे!" म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ताक घुसळत स्वतःच गाडी एसटी स्टँडामागच्या गॅरेजात घेऊन गेले. मी शेजारी.

मेकॅनिक म्हणाला, "माझा मानूस जेवायला गेलाय. काका, तुमी खड्ड्यात उतरा, चाकाजवळच्या या सांध्यावर हात ठेवा. काकी, तुमी वर बसा नि स्टिअरिंग निस्तं थोडं थोडं हलवा."

इस्त्रीच्या पँटीत हे गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मी हलवलं. खट्. पुन्हा हलवलं. खट् खट्.

"तू मुद्दाम करतेयस!" खालून आवाज.

"काका, काकी वर हायेत," मेकॅनिक म्हणाला. "तुमच्या हाताखाली नाचतोय तो सांधा. पार गेलाय. पलीकडचा पन तसाच."

खालून हळूच, "हा सुटला असता तर?"

"तर चाक एका वाटेनं नि काकी दुसऱ्या."

हे वर आले ते पांढरेफटक. मला वाटलं होतं, मला भारी मजा येईल. नाही आली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही सांधे नवे बसले, चाकं सरळ करून झाली. किल्ली अजून यांच्याकडेच. रस्ता सरळ, गाडी सरळ, पण हात कुठे ऐकतात? ताक सुरू! गाडी झिंगल्यासारखी एकदा गटाराकडे, एकदा केळ्यांच्या हातगाडीकडे. केळेवाल्यानं जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. पन्नास पावलांवर यांनी गाडी थांबवली.

"सहा महिने तू ही असली गाडी घेऊन कंटेनरमधून जात होतीस?"

"सांगत होते की."

उतरले, वळसा घालून माझ्या बाजूच्या दारापाशी येऊन उभे राहिले. मी स्टिअरिंगमागे सरकले.

रविवारी नऊच्या आत आम्ही जासईला. आई स्टुलावरच होती. जावयाला बघून घाईघाईनं पदर सावरत म्हणाली, "अगं बाई, तुम्ही कसे आलात?"

"पाणी तापवायला," हे म्हणाले, आणि बाह्या वर करून चुलीपाशी बसले.