समोरची पाच पावलं

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तर काश्मीरमध्ये होती. मी इन्फन्ट्री बटालियनच्या एमटीचा, म्हणजे वाहन विभागाचा ड्रायव्हर, रँक नायक. पुढे हवालदार होऊन निवृत्त झालो. माझ्या ताब्यात एक एमपीव्ही होती, म्हणजे सुरुंगरोधक चिलखती गाडी. जाड पोलाद, बुलेटप्रूफ काचा, आत दहा जवान आणि मी. ती गाडी मी सहा वर्षं चालवली. हे आधी सांगतो, कारण गेल्या वर्षी वसईजवळच्या उमेळ्याला मला एका माणसाने विचारलं की तुम्हाला या गाडीतलं काय कळतं.

दिवस ठरलेला असे. ०४३० ला उठणं. ०५०० ला गाडीची तपासणी: टायर, तेल, बॅटरी, रेडिओ. ०५३० ला रोड ओपनिंग पार्टी बाहेर पडायची. हे जवान पायी चालत, हातात सुरुंग शोधायचं यंत्र आणि एक कुत्रा. रस्त्याचा प्रत्येक मोरीपूल वाकून बघत. त्यांनी 'रोड क्लिअर' असं रेडिओवर कळवलं की माझी गाडी हलायची. लोकांना वाटतं, चिलखती गाडी पुढे आणि माणसं तिच्या आडोशाने मागे. आमच्याकडे उलट होतं. माणसं पुढे चालली म्हणून गाडी मागून जाऊ शकत होती.

ही गाडी चालवायला शिकवणारे आमचे सुभेदार साहेब कमी बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडीसमोर जमिनीवर मांडी घालून बसवलं. दुसऱ्या ड्रायव्हरला आत बसवलं आणि उघड्या दारातून विचारलं, "समोर कोण आहे?" आतून उत्तर आलं, "कोणी नाही, साब." मी बंपरपासून तीन पावलांवर होतो. मग आमची अदलाबदल झाली. मी आत बसलो, आणि मलाही समोर कोणी दिसेना. गाडीचं नाक उंच, काच छोटी आणि जाड. नाकासमोरची पाच पावलं ड्रायव्हरसाठी नसतातच. सुभेदार साहेब म्हणाले, की बाहेर माणूस उभा असल्याशिवाय गर्दीत ही गाडी एक फूटही हलवायची नाही, समोर जनरल असला तरी.

या गाडीने आमचे जीव वाचवले. एकदा मागच्या चाकाखाली स्फोट झाला. गाडी उचलली गेली आणि तिरकी पडली. आतले सगळे चालत बाहेर आले. माझ्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी ऐकू येतं, तेवढंच. त्यामुळे चिलखती गाडी वाईट, असं मी म्हणणार नाही. सुरुंगाच्या रस्त्यावर तिच्याशिवाय जाऊ नये.

निवृत्तीनंतर मी वसईत पापडीला घरी आलो. वाडीत केळी आणि थोडी भाजी करतो. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, संध्याकाळी मैदानावर चार फेऱ्या. आमच्या भागातल्या पोलिसांना चिलखती गाडी मिळाली, ती मी पहिल्यांदा एका संचलनात पाहिली. काळी, उंच, नवीकोरी. लोक मुलांना तिच्या बाजूला उभं करून फोटो काढत होते. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी काही बोललो नाही. समुद्र जवळ आहे, हल्लेखोर त्या वाटेने येऊ शकतात, शहर वाढलं आहे, कुठे मुख्यालयात एखादी असावी, असं मला वाटलं. रायफलवाल्यासमोर काठी घेऊन पोलिसाला उभं करणं हाही अन्यायच आहे.

माझी मोठी बहीण मार्था उमेळ्यात दिली आहे. आम्ही तिला बाय म्हणतो. वय सदुसष्ट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्यांच्या आळीच्या मागे पाणी वाहून नेणारा एक जुना नाला होता. एका बिल्डरने त्यात मातीचा भराव टाकायला सुरुवात केली. पहिल्याच पावसात आळीतल्या घरांत गुडघाभर पाणी आलं. अर्ज झाले, पोच मिळाली, डंपर चालूच राहिले. शेवटी आळीतल्या बायका डंपरच्या रस्त्यावर बसल्या. हिंदू, ख्रिस्ती, सगळ्या. चाळीसेक असतील. त्या दिवशी सकाळी मी बायसाठी गुडघ्याचं औषध घेऊन गेलो होतो. घरी कुलूप होतं. शेजारच्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं.

मी पोचलो तेव्हा ०९१५ झाले होते. बायका रस्त्याच्या मधोमध बसल्या होत्या, काहींनी भाजी निवडायला घेतली होती. बाय पहिल्या रांगेत. पोलिसांच्या दोन जीप होत्या आणि एक वयस्कर हवालदार बायकांशी बोलत होता. तो त्यांना ओळखत होता. कोणाच्या घरात किती पाणी आलं, ते विचारत होता. तासाभरात त्याने तोडगा काढला असता, असं मला आजही वाटतं.

०९४० ला चिलखती गाडी आली. दोन्ही बाजूंना वाडीचं कुंपण, रस्ता एवढा अरुंद की गाडीचे आरसे पानांना घासत होते. तिच्यातून एक अधिकारी उतरले. त्यांनी भोंग्यावरून सांगितलं की पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा. बायका उलट पुढे सरकल्या आणि गाडीच्या अगदी नाकाखाली जाऊन बसल्या.

एक आगरी बाई, बायची शेजारीण, बसल्या जागेवरून म्हणाली, "साहेब, पानी आमच्या घरात शिरतं. ते काढायला ही गाडी येनार का?"

अधिकारी ड्रायव्हरच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "हळूहळू पुढे घे. उठतील आपोआप."

मी त्यांच्याजवळ गेलो. सॅल्यूट केला नाही, सावधान उभा राहिलो. सांगितलं, की साहेब, ड्रायव्हरला समोरच्या बायका दिसत नाहीत, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय गाडी हलवू नका. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. मी रँक सांगितली आणि ही जातीची गाडी सहा वर्षं चालवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, की ते फौजेत, इथलं तुम्हाला काय कळतं. मग म्हणाले, मागच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी दगडफेक झाली, माझ्या दोन शिपायांची डोकी फुटली, त्यांच्या बायकांना उत्तर कोण देणार? हा प्रश्न खोटा नव्हता. पण समोर दगड नव्हते. समोर मेथीच्या जुड्या होत्या.

गाडीच्या इंजिनाचा आवाज चढला. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो मान लांब करून काचेला टेकला होता. ज्याला दिसत असतं तो मागे टेकून बसतो.

गाडी हलली. बायका ओरडत उठल्या, बाजूला झाल्या, कुंपणात पडल्या. बाय उठली नाही.

मी म्हणालो, "बाय, ऊठ."

ती म्हणाली, "गुडघा धरलाय रे, फिलीप. उठता नाय येत."

तिला ओढायला वेळ नव्हता. दारावर मारून उपयोग नव्हता, आत काही ऐकू येत नाही. मी तिच्याकडे पाठ केली आणि डाव्या बाजूने पुढे पळालो, गाडीपासून दूर. दहा-बारा पावलांवर, जिथून मी काचेत दिसेन, तिथे रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. बहिणीला गाडीसमोर टाकून पळालो, असं तिथल्या बायकांना वाटलं. नंतर एकीने ते तोंडावर बोलूनही दाखवलं.

गाडी थांबली. बायच्या लुगड्याचा काठ टायरखाली होता.

दार उघडलं. ड्रायव्हर खाली उतरला. संदीप नाव, तिशी ओलांडलेला शिपाई. पुढे येऊन त्याने बायला पाहिलं आणि तिथेच बंपरला धरून उभा राहिला. मग तो अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, मला एकही बाई दिसत नव्हती. मला वाटलं, रस्ता मोकळा झाला."

मी त्याला विचारलं, या गाडीचं ट्रेनिंग किती दिवस झालं. तो म्हणाला, चार. मग विचारलं, बाहेर उभं राहून खुणा करणारा माणूस कोण? असं कोणी असतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मी अधिकाऱ्यांना एवढंच म्हणालो, "साहेब, एकदा आत बसून बघा."

त्यांना राग आला होता. तरी ते चढले, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. सीटवर बसले. बाय अजून जमिनीवरच होती, तिच्याभोवती पाच-सहा बायका वाकल्या होत्या. अधिकारी काचेतून बघत राहिले. मी उघड्या दारातून विचारलं, समोर कोण आहे. ते खाली उतरले, टोपी नीट केली आणि संदीपला म्हणाले, "मागे घे."

गाडी पुढे घेण्यापेक्षा मागे घेणं अवघड. मी आणि तो वयस्कर हवालदार, दोघांनी बाहेर चालत, हाताने खुणा करत ती गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. १०२५ ला ती निघून गेली. बायला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खरचटलं होतं, बाकी काही नाही. वाटभर ती मला मेथी तिथेच राहिली म्हणून बोलत होती.

त्यानंतर जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. आठ दिवसांनी सात बायकांना आणि मला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. सरकारी कामात अडथळा. जबाब लिहून घेणाऱ्याने विचारलं, गाडीसमोर का आलात? मी सांगितलं, ड्रायव्हरला दिसावं म्हणून. त्याने ते लिहिलं नाही. मी सही केली नाही. शेवटी त्याने लिहिलं. भराव थांबलेला नाही, डंपर आता मागच्या बाजूने येतात. गाडी ठाण्याच्या आवारात उभी असते, धुऊनपुसून. पावसात वसईत कमरेएवढं पाणी भरतं तेव्हा हेच पोलीस लोकांना खांद्यावर घेऊन बाहेर काढतात. त्यांच्याकडे धड दोर नसतो, बोट मागून आणावी लागते. दगडफेकीत डोकी फुटली ना? मग शिपायाला डोक्यात बसेल असं हेल्मेट द्या. हेल्मेट दाखवायला कोणी संचलन काढत नाही.

गाडीवर माझा राग नाही. ती इथे कशाला आणली, यावर आहे. आम्ही काश्मीरमध्ये त्या गाडीत बसलो तेव्हा बाहेरचा रस्ता शत्रूचा असू शकतो, असं धरून बसलो. उमेळ्याचा रस्ता कोणाचा धरला होता? जीपमधला हवालदार काच खाली करून विचारतो, काय झालं, काकू? या गाडीची काच खाली होत नाही. आत बसलेल्या माणसाला बाहेरच्याचं ऐकू येत नाही, आणि काही दिवसांनी ऐकायची गरजही वाटत नाही. हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढच्या महिन्यात एका रविवारी संदीप पापडीला आला. युनिफॉर्म नव्हता. म्हणाला, काका, मला नीट शिकवा, गाडी माझ्याच गळ्यात आहे. मी त्याला अंगणात बसवलं आणि हातांच्या खुणा शिकवल्या. जाताना त्याने विचारलं, की तुम्ही सगळं सोडून तिथेच जाऊन कसे उभे राहिलात. तेव्हा मी त्याला लान्स नायक बळीरामबद्दल सांगितलं. आजवर हे फार थोड्यांना सांगितलं आहे.

बळीराम रोड ओपनिंग पार्टीत होता. कऱ्हाडच्या पलीकडचं गाव, वडील शाळेत शिपाई. एका सकाळी ०६५० ला पार्टीवर फायर आला. त्याच्या मांडीला गोळी लागली. मला रेडिओवर हुकूम आला, "गाडी पुढे घे. जखमीला आड कर. ओव्हर." मी गाडी पुढे घेतली. तो शेताच्या बांधाजवळ आहे, असं मला सांगितलं होतं. पण तो सरपटत रस्त्यावर आला होता, माझ्याच गाडीच्या दिशेने. रेडिओवर "रोक, रोक" ऐकू आलं तेव्हा उशीर झाला होता, तो चाकाखाली आला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने ड्रायव्हरची चूक नाही असं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, की रक्त फार गेलं होतं, तसाही तो वाचला नसता. कदाचित माझ्यासाठी म्हणाले असतील.

सुट्टी मिळाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. वडिलांसमोर बसून सगळं सांगितलं, काही न वगळता. घरात त्याची आई आणि धाकटी बहीण होती. कोणी रडलं नाही. वडिलांनी विचारलं, "तुला दिसला असता, तर थांबला असतास ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी मला जेवून जायला सांगितलं. मी जेवलो.

लान्स नायक बळीराम. वय सत्तावीस. बासरी वाजवायचा, बरी नाही, पण रोज वाजवायचा. ड्यूटीवर सगळ्यात पुढे चालायचा.