सात पाकळ्यांचा कंदील

"आदी हातात दे, मंग बोल."

मामा दुकानाची पायरी चढायच्या आधीच त्यांचा उजवा हात पुढे आलेला असायचा. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. मी म्हणायचो, "मामा, काय पाहिजे ते तरी सांगा." तर म्हणायचे, "काल सांगितलंय की." दिवसाला शंभर गिऱ्हाइकं येणार, त्यात यांनी काल काय सांगितलं ते मी लक्षात ठेवायचं! शंभर म्हणजे आपली म्हणायची पद्धत. खरी नऊ-दहा, बाकीचं जग हल्ली सगळं घरपोच मागवतं. तर मी शोधून एखादा स्विच त्यांच्या तळव्यावर ठेवायचो. तो उलटासुलटा करून, नखानं टोकरून, कानाशी नेऊन दोनदा दाबून झाला की मगच पुढचं वाक्य निघायचं.

एकदा कानाला फोन होता म्हणून मी, डाग देऊन वायरी जोडायला लागते ती सोल्डरची तार डाव्या हातानं पुढे केली. मामांनी आपला हात मागे घेतला.

"उजव्यानं."

"मामा, तार आहे ती. प्रसाद नाही."

"उजव्यानं दे की!"

फोन ठेवून उजव्या हातानं दिली, तेव्हा घेतली. असा एखादा हट्टी माणूस तुमच्याही गल्लीत असेल. असला तर माझं दुःख तुम्हाला कळेल.

माझं दुकान सोलापुरात, पूर्व भागाच्या तोंडाशी. एलईडी, बॅटऱ्या, वायरी, छोट्या मोटारी असलं सगळं मिळतं. मामा मागच्या गल्लीत राहायचे. सगळं आयुष्य चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. शेडमध्ये साठ माग खडखडत असताना नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचं काय ढिलं झालंय ते ओळखायचे म्हणे. पुढे कारखाना बंद पडला आणि माग तोडून भंगारात गेले. मग मामा गल्लीतले मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसले. घरात तेलुगू बोलायचे, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही.

त्यांना एकच मुलगी. ती पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. गेममध्ये दिसतात त्या वस्तू, म्हणजे दारं, पेट्या, भांडी, हत्यारं, ही मुलगी कंप्युटरवर घडवायची. मामांना हे काम कधी पटलं नाही. हातात येत नाही ती वस्तू कसली?

एका दिवाळीत घरभर पाहुणे होते. कुणीतरी विचारलं, पोरगी काय करती? मामा म्हणाले, "खोट्या वस्तू करती. खरी एक करता येत न्हाई." मुलगी फराळाच्या ताटल्या घेऊन मागंच उभी होती.

"तुमचे माग तर खरे होते ना, नान्ना?" ती म्हणाली. "कुठं आहेत आता?"

नान्ना म्हणजे वडील. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली ती परत आलीच नाही. आईला रोज फोन, बापाशी एक अक्षर नाही. हे सगळं मला मामींनी सांगितलं. माणसानं उगाच कुणाची बाजू घेऊ नये म्हणतात. मी घेतो. चूक मामांची होती. पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं कारणच काय होतं?

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना मामा आले. हात पुढे केलेला नव्हता. हातात मामींचा मोबाइल होता. पडद्यावर एक कंदील. पितळी अंग, खाली मूठ, मुठीवर अंगठ्यानं दाबायचा खटका, आणि काचेच्या जागी सात पाकळ्या.

"हे तिनं काढलंय. गेममदी हाय," मामा म्हणाले. "खटका दाबला की पाकळ्या एकामागनं एक उघडत्यात आन् उजेड पडतो. तिच्या आईला पाठवलंय. मला न्हाई."

"छान आहे की."

"करायचं."

"काय करायचं?"

"हेच. खरं." मग पंख्याकडे बघत म्हणाले, "रथाला आली तर आली. तवा हातात द्यायचं."

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे मार्कंडेयाचा रथ निघतो. पूर्व भागातल्या विणकरांची बाहेरगावी गेलेली लेकरंबाळं त्या दिवशी घरी येतात. मामांची मुलगी दोन रथांना आली नव्हती. चुकलो म्हणणं या माणसाला जन्मात जमलं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मुलगी घरी यावी म्हणून त्याला जे येत होतं ते तो करणार होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची दया आली. अर्थात ती फार टिकली नाही.

कारण मी म्हणालो, "मामा, सोपं आहे. एक छोटा बोर्ड मिळतो. त्यात वीस ओळींचा प्रोग्रॅम टाकू. पाकळ्या बरोब्बर क्रमानं उघडतील."

"प्रोग्राम हातात दे."

"तो हातात कसा देणार? तो बोर्डाच्या आत असतो."

"मंग नगं."

आणि या बहाद्दरानं काय केलं असेल? चादरीवर नक्षी उठवायला मागावर डॉबी असते. लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी आली की दोरे उचलायचे, नाही आली की नाही. भंगारात जाता जाता मामांनी तसल्या चार पट्ट्या घरी आणून ठेवल्या होत्या. त्या कापून त्यांनी खुंट्यांचं मुठीएवढं पिंप केलं. मोटर ते पिंप फिरवणार, एकेक खुंटी एकेक स्विच दाबणार, प्रत्येक स्विचवर एका पाकळीची बारकी मोटर आणि एक एलईडी. मी हसायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण चाललं असतं. वीस ओळींचं काम या माणसानं सात खुंट्यांत बसवलं होतं.

इलेक्ट्रॉनिक्सशी मात्र त्यांचं भांडणच. पहिले तीन एलईडी त्यांनी बॅटरीला थेट जोडले. जादा करंट अडवायला मी रेझिस्टर दिला होता, तो खिशातच. "उजेडाला अडवायचं कशाला?" म्हणाले. तिसरा एलईडी फट्टकन उडाला तो मामींच्या सुपात, तंबाखूत. मामी उंबऱ्याजवळ बसून विड्या वळायच्या. त्या दिवशी त्यांनी तेलुगूत जे सुनावलं ते मला समजलं नाही, पण मामांनी मुकाट रेझिस्टर लावला.

बारीक वायरी मामांच्या जाड बोटांत राहीनात. शेवटी मामींनी सूप बाजूला सारलं, सातही जोडण्या एका हातानं धरल्या, विडीच्या दोऱ्यानं आवळल्या आणि म्हणाल्या, "आता डाग द्या." अशी सुबक जोडणी माझ्या दुकानातही होत नाही. मी तसं बोललो, तर मामा दिवसभर फुरंगटून बसले.

अशाच एका दुपारी मामा मुलीच्या लहानपणावर आले. "डावरी व्हती. लिहिणं डाव्यानं, घास डाव्यानं. अभ्यासाला बसली की डाव्या हाताला सूत बांधायचो आन् खुर्चीला अडकवायचो. सा म्हैन्यांत सुधारली." हे ते कौतुकानं सांगत होते. मामींची विडी वळणारी बोटं तेवढ्यापुरती थांबली. मी मात्र हसलो. आमच्या वेळी पट्टी बसायची, त्या मानानं सूत बरंच म्हणायचं, असंही काहीतरी बोललो. आज ते आठवलं की लाज वाटते.

रथाला आठवडा राहिला आणि मामा कंदील टॉवेलात गुंडाळून दुकानात आले. चेहरा असा, की पोराला पहिला नंबर मिळालाय.

"चूक सापडली!"

"कुणाची?"

"पोरीची. हे बघ, खटका तिनं उलट्या बाजूला काढलाय. मूठ धरली की अंगठा हिकडं येतो, आन् खटका तिकडं! वस्तू कदी हातात धरली असती तर कळलं असतं. मी हिकडं घेतलाय. आल्या आल्या सांगणार हाय तिला."

दाबून दाखवला. एक, दोन, तीन, सातही पाकळ्या उघडल्या. माझ्या कळकट काउंटरवर उजेडाचं फूल पडलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

फक्त आवाज राहिला होता. गेममध्ये कंदील उघडताना बारीक गुणगुण होते, ती मामांना हवी होती. ती कशी असते ते ऐकायला मी फोनवर कुणीतरी तो गेम खेळतानाचा व्हिडिओ लावला. एक मुलगी पाठीवर पोतं घेऊन अंधाऱ्या बोगद्यातून चालली होती. कंदील तिच्या डाव्या हातात होता.

मला वाटलं, असेल या बाजूला. पण तिनं दार उघडलं ते डाव्या हातानं. कोळशानं भिंतीवर खूण केली तीही डाव्यानंच. खटका तिच्या अंगठ्याखाली बरोबर बसत होता. चूक नव्हतीच कुठं.

सांगू की नको? मामा इतके खुशीत होते की सांगवेना. पण ही मुलगी जवळपास तीन वर्षांनी उंबरा ओलांडणार आणि बाप पहिलं वाक्य म्हणणार, तुझी चूक सापडली. ती त्याच पावली परत गेली असती. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

मामांनी बघितलं. "पुन्यांदा लाव," म्हणाले. मी लावलं.

"कुणी रागवत न्हाई तिला?"

"कुणाला?"

"ह्या पोरीला. डाव्यानं धरती म्हणून."

"नाही मामा. तिथं कोण रागवणार?"

त्यांनी कंदील टॉवेलात गुंडाळला आणि गेले. गुणगुणीचं नावही काढलं नाही.

पुढचे चार दिवस मामा फिरकले नाहीत. नुसता खटका हलवून भागणार नव्हतं. वायरींची खाच, पिंपाची दिशा, सगळं उलटं करायचं होतं. पाचव्या दिवशी ते पायरी चढले. बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या बांधलेल्या.

"येक स्विच दे."

आणि हात पुढे आला. डावा. अवघडलेला, बोटं नीट उघडत नव्हती. मी बघतच राहिलो.

"बघतो काय? ह्या हातानं धरून बघितल्याबिगर कसं कळंल? सवय करायलोय."

मी स्विच ठेवला. त्यांच्या हातून तो पडला. वाकून उचलला, पुन्हा डाव्याच हातानं.

रथाच्या दिवशी मला सकाळीच बोलावणं आलं. कंदील ऐन वेळी रुसला तर माणूस हाताशी असावा म्हणून. मुलगी आली होती. आईनं हजारदा विनवलं होतं तिला. मामा खुर्चीत बसलेले.

"आलीस?"

"आले."

झालं! अर्धा तास तेवढ्यावरच. मुलगी चहा पीत होती, बाप कॅलेंडर वाचत होता. मोठ्या रस्त्यावर रथाचे ढोल ऐकू यायला लागले. शेवटी मामी म्हणाल्या, "लेवंडी." म्हणजे उठा. तो आवाज ऐकून मीसुद्धा उठलो.

मामांनी आतून कंदील आणला, टॉवेल सोडला आणि मुलीपुढे धरला. डाव्या हातानं. त्या घरात डाव्या हातानं कधी काडीपेटीसुद्धा कुणी कुणाला दिली नव्हती. मुलीनं आधी तो हात बघितला, मग कंदील. तिचाही डावा हात पुढे आला. अंगठा थेट खटक्यावर बसला.

एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी अडकली. सातवी उघडली.

मामांचा चेहरा एवढासा झाला.

"नान्ना, सहावी अडकते."

"आदी हातात दे, मंग बोल."

तिनं दिला नाही. कंदील कानाशी नेला, नखानं टकटक केलं, अगदी मामांसारखं, आणि सहावी पाकळी उघडली. मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

मामा खाली बघत म्हणाले, "लई घट्ट बांधायचो का गं सूत?"

"नाही हो नान्ना. तुमची पाठ वळली की मी सोडायचे. तुम्ही यायच्या आत परत बांधून ठेवायचे."

"सा म्हैने?"

"सहा महिने."

मामांनी मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "मला काय बघता? गाठ मारायला तिला मीच शिकवलं."

त्या दिवशी रथ गल्लीच्या तोंडावरून गेला, तो आम्ही कुणीच धड बघितला नाही.

पुढच्या रथाला मुलगी आली, दिवाळीला आली. या संक्रांतीनंतर मामा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. दुकानात मात्र अजून सकाळी पायरी वाजली की माझा हात आपोआप स्विचच्या डब्याकडे जातो.

परवा मुलगी आली. हातात तोच टॉवेल.

"काका, सहाव्या पाकळीची मोटर गेली."

मी म्हणालो, "बोर्ड टाकून देऊ का? वीस ओळींचं काम आहे. खुंट्यांची कटकट कायमची जाईल."

"नको. खुंट्याच राहू द्यात. फक्त मोटर द्या."

मी डब्यातून मोटर काढली आणि ती कुठल्या व्होल्टची, किती दिवस चालेल ते सांगायला लागलो. तिचा डावा हात पुढे आला. तळवा वर, बोटं किंचित वाकलेली.

"आधी हातात द्या, काका."

मोटर माझ्या उजव्या हातात होती. ती मी डाव्या हातात घेतली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.