माझ्या शेजारच्या सीटवर कोण होतं?

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. कुणाच्या अंगात आलं की आजही मी आधी डॉक्टरचा नंबर शोधतो. पण ही गोष्ट कोर्टाच्या कागदावर आलीय... खोटी कशी म्हणू?

मी हिंगोलीकडच्या गोरेगावचा. मंडप-डेकोरेशनचा धंदा, स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमारास सेनगावला खुर्च्या आणायला निघालो होतो. गाडी रिकामी, मी एकटा. गाडीचा विमा संपलेला, माझं लायसनही. ‘लग्नसराई उरकली की करू’ असं चाललं होतं.

वळणावर समोरून ट्रॅक्टर अंगावर आला. मी गाडी डावीकडे दाबली आणि कडेनं चाललेल्या शमीमआपांना धडक बसली. आठवडी बाजारात बांगड्या विकणारी बाई. पाय मोडला. ट्रॅक्टरवाला थांबलाच नाही. दवाखान्यात मीच नेलं, पोलिसांनाही मीच कळवलं. गाडी जप्त झाली. विमा नाही म्हटल्यावर सगळी भरपाई मालकानंच द्यायची, हे वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं.

हिंगोलीच्या कोर्टात आपांची साक्ष झाली.

“डायवरच्या बाजूला एक बाबा होते, डोक्याला पांढरा रुमाल. दरवाजा बडवून राहिले होते. ‘सरक बाई, सरक!’ म्हणून वरडले, तवा मी उडी मारली साहेब. न्हाई तर मेलेच असते.”

आपांचं बोलणं मला झटकून टाकता येईना. कारण त्या वळणावर पत्र्यावर थापा पडल्याचा आवाज मीही ऐकला होता — इंजिनाचा असेल म्हणून सोडून दिला होता.

बाहेर आल्यावर वकील भडकला. “काहून लपवलं? तो बाबा म्हणजे ट्रॅक्टर पाहिलेला एकच साक्षीदार, अन् तुमी—”

“कोणीच नव्हतं साहेब. आईशपथ.”

“मग ती बाई खोटं बोलून राहिली?”

खोटं बोलून तिला काय मिळणार होतं?

मी माणूस दडवला, असाच सगळ्यांचा समज झाला. निकाल विरोधात गेला. गाडी गेली, मंडपाचं सामान गेलं. आता दुसऱ्यांच्या मंडपाचे खांब उभे करतो. आमच्या घराण्यात, ओळखीत, त्या वर्णनाचा माणूस आजवर सापडलेला नाही.

मागच्या महिन्यात बाजारात आपा दिसल्या, काठी टेकत. शिव्या देतील वाटलं. पण जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्या बाबाला एकदा भेटव ना. माझा सलाम सांगायचाय.”

“आपा, मी एकटाच होतो.”

त्या आणखी जवळ सरकल्या. “कोर्टात म्हणलास ते ठीक. आता तर खरं सांग.”

काय सांगू? माझ्याकडे दुसरं खरं नाहीच...