चाकवताची वाटी

बँकेने बनारसला बदली केली तेव्हा मला खोली मिळाली ती बालाजी घाटाजवळच्या गल्लीत, एका मराठी काकूंकडे. शाखेतला सहकारी म्हणाला होता, "आपके लोग तो उधर ही रहते हैं." माझे लोक म्हणजे कोण, हे त्याला कुठून कळणार! माझे लोक तेव्हा परभणीकडे दुसऱ्यांच्या गव्हात खुरपत होते. काकूंच्या सासरची माणसं कैक पिढ्यांपूर्वी पूजापाठासाठी इथे आली आणि इथलीच झाली. भाषा तेवढी आमची एक, आणि तीही अर्धी हिंदीत भिजलेली.

पहिल्याच दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगू लागल्या. भाडं वाढवलं नाही, आढेवेढे घेतले नाहीत. पण त्या "बरं"चा अर्थ मी बरेच दिवस लावत बसले.

काकू खाली एकट्या राहायच्या. नवरा आणि सासूबाई दोघंही गेलेले, मुलगा नोकरीला बेंगळुरूला. काही केलं की एक वाटी जिना चढून माझ्याकडे यायची. कधी आमटी, कधी भरली वांगी, गणपतीत मोदक. वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे त्यांच्या घरी होतं तसं माझ्या आईकडेही होतं. मी धुतलेल्या वाटीत साखर घालून द्यायचे. कधी शेंगदाणे, कधी दोन पेरू. शिजवलेलं मात्र कधीच नाही. आमच्या गावात आईने दिलेल्या शेंगा लोक घ्यायचे. तिच्या हातची भाकरी घ्यायचे नाहीत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, बँकेची परीक्षा दिली, इथवर आले. आता माझी वाटी कुणाच्या दारातून परत यावी, ही वेळ मी स्वतःवर येऊ देणार नव्हते. दिलीच नाही तर परत कशी येईल?

दिवाळीनंतर काकूंना ताप आला. औषधांनी तो उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. शेजारून खिचडी यायची, ती झाकलेलीच राहायची. चेहरा एवढासा झाला. बँकेतून येताना मी रोज डोकवायचे.

"काकू, काही खाल्लंत?"

"मनच नाही करत गं. सगळं कागदासारखं लागतं."

एकदा मी तिथे असतानाच मुलाचा फोन आला. फोनमधून त्याचा आवाज खोलीभर झाला. "आई, ऐसे नहीं चलेगा. आठवडाभर बघतो. नाही खाल्लंस तर येऊन घेऊन जाईन, घर बंद करून. फिर मत बोलना."

फोन ठेवल्यावर काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिथे सोळाव्या मजल्यावर नेऊन ठेवील मला. खाली बघितलं तरी चक्कर येते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे खिडकी उघडली की निदान कुणी तरी भांडत असतं."

त्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सागवालीकडे बथुआ आला होता. बथुआ म्हणजे आपला चाकवत. गव्हात तणासारखा उगवतो. आई खुरपायला गेली की संध्याकाळी ओटीतून तोच घेऊन यायची. मी दोन जुड्या घेतल्या. निवडला, रेती जाईपर्यंत पाणी बदलून धुतला, चिरला. मूठभर मूगडाळ भिजत घातली होती. तेलात सालीसकट ठेचलेला लसूण टाकला, तो तांबूस झाल्यावर सुकी मिरची, मग डाळ, मग पाला. मोठी पातेलीभर भाजी बघता बघता तळाशी बसली. मीठ त्यानंतर. आधी घातलं तर अंदाज हमखास चुकतो.

तेवढ्यात खालून हाक आली. तापानंतर पहिल्यांदाच एवढी खणखणीत.

"अगं, फोडणी कशाला दिलीस?"

"चाकवताला, काकू!"

"लसणीची?"

"हो!" मी जिन्याच्या तोंडाशी आले. "वास येतोय का? दार लावून घेते."

"लावू नकोस," काकू म्हणाल्या.

मी तशीच उभी राहिले. गॅसवर भाजी तयार होती. आणि मी काय केलं? दुसरी जुडी निवडली, स्वच्छ धुतली, ताटात पसरली आणि खाली घेऊन गेले. म्हटलं, "काकू, निवडूनच आणलाय. तुमची शेजारीण करून देईल."

काकूंनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी शेळी आहे का गं?"

"काय?"

"वर फोडणी देतेस आणि खाली पाला आणून ठेवतेस. खाऊ कसा? चरू?"

मला हसू आलं आणि रागही आला. मग जे इतके दिवस पोटात होतं ते तोंडातून निघालंच. "काकू, स्पष्ट विचारते. माझ्या हातचं शिजवलेलं तुम्हाला चालतं?"

त्या ताटातलं एक पान उचलून बोटांत फिरवत राहिल्या.

"सासूबाई असत्या तर नसतं चाललं. त्यांच्यासमोर मीही हूं की चूं केलं नसतं. लसूणही या घरात कधी शिजला नाही." मग म्हणाल्या, "त्या जाऊन किती वर्षं झाली. मी मात्र त्यांचंच चालवत राहिले. तू साखर द्यायचीस, मी डब्यात ओतायचे. कळत नव्हतं असं नाही."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, छे गं, तसं काही नव्हतं. तसं म्हणाल्या असत्या तर मी ताट उचलून वर गेले असते.

"लसूण भरपूर आहे," मी म्हटलं.

"नाकाला कळलंय ते. आण."

मी वाटी भरली, माझीच, स्टीलची. बाजरीची अर्धी भाकरी कुस्करता येईल अशी मऊ करून नेली. काकूंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. मी पाण्याचा तांब्या भरायचं निमित्त करून आत गेले. कुणी खाताना त्याच्या तोंडाकडे बघत बसू नये. बाहेर आले तर भाकरी संपली होती आणि त्या बोटाने वाटीची कड पुसत होत्या.

"मीठ किंचित जास्त झालंय," म्हणाल्या.

"तुमच्या तोंडाला चव आलीये मग."

"आली तर. म्हणून तर सांगतेय."

दुसऱ्या दिवशी बँकेतून परतले तर काकू भिंतीला धरून जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या. हातात माझी वाटी, घासून लखलखीत केलेली. मी सवयीने आत बघितलं. काहीच नव्हतं.

"रिकामीच देतेय," त्या म्हणाल्या. "आज रात्री तुला हीच भरून आणायची आहे, त्यात साखर कशाला? आणि मुलाचा फोन येईल तेव्हा तू इथे बस. मी जेवतेय असं मीच सांगितलं तर त्याला खोटं वाटेल."