टायपिंगच्या सरांची जॉयस्टिक

आमच्या टायपिंगच्या सरांना बोटांकडे बघून टाइप करणारा माणूस खपत नसे. कोणाची मान खाली वळली, की ते खिशातला रुमाल काढून त्याच्या हातांवर टाकत. "बोटांना त्यांचे डोळे असतात. वापरू दे त्यांना." नाशिक रोडला त्यांची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, कॉलनीतली मुलं संध्याकाळी तिथे गेम खेळायला येऊ लागली, तरी रुमाल सुटला नाही. मोटारींची शर्यत ऐन रंगात यावी आणि खेळणाऱ्याच्या हातांवर निळ्या चौकटींचा रुमाल पडावा, हे रोजचंच होतं.

मी परीक्षेसाठी टायपिंग शिकायला जायचे आणि क्लास संपला की शर्यत खेळत बसायचे. एकदा मनमाडच्या मावसभावाचा गेमपॅड घेऊन गेले. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "देवानं दहा बोटं दिलीत, आणि तुम्ही दोन अंगठ्यांवर भागवणार?" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

दोन दिवसांनी दुपारी जरा लवकर गेले, तर सर एकटेच गेमपॅड धरून बसलेले. वळण आलं की गाडीबरोबर स्वतःही कलत होते. मला पाहून दचकले, पण लपवलं काही नाही. "कीबोर्डवर गाडी एक तर सरळ जाते, नाहीतर पूर्ण वळते. यात थोडंसंच वळता येतं गं. माझं चुकलं." एवढा कडक माणूस, पण चूक कबूल करायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यानंतर कोणी खेळायला आलं की ते आधी खेळ विचारायचे. नेमबाजीला माउस, गाडीला गेमपॅड. रुमाल फक्त टायपिंगपुरता उरला.

पुढे मला नोकरी लागली आणि त्याच वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. इन्स्टिट्यूट बंद झाली, मुलगी त्यांना देवळ्याला तिच्या घरी घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आता काय राहिलंय?" एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी मी एका हाताने चालवायची, दांड्याची जॉयस्टिक घेऊन गेले. ती उजव्या मुठीसाठी घडवलेली निघाली, डाव्या हाताला टोचायची. मला रडूच फुटलं. सर मात्र उठून बसले. "रडतेस काय? सरळ दांड्याची मिळते का बघ."

मिळाली. दांडा पुढे लोटला की वेग, मागे ओढला की ब्रेक, बाजूला कलवला की वळण. सगळं एका हाताचं काम. जावयांच्या कॉम्प्युटरवर आम्ही कितीतरी रविवार शर्यती लावल्या, मी गेमपॅडवर आणि सर डाव्या हाताने जॉयस्टिकवर. जावई म्हणायचे, "आता आमच्याशी लय भांडतात. बरं हाय ते."

एका रविवारी शेवटच्या वळणावर सरांनी मला आतल्या बाजूने गाठलं आणि पुढे निघून गेले. मी पूर्ण जोर लावला होता. पडद्यावर त्यांचा पहिला नंबर आला.

"मुद्दाम हरलीस ना?"

"नाही सर. खरंच नाही."

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आत मुलीला हाक मारली, "अगं, चहा टाक! आज मी हिला हरवलं."

त्याच पावसाळ्यात सर गेले. त्या दिवशी मला खोटं बोलावं लागलं नाही, याचं समाधान मला अजून आहे.