चामोर्शीच्या नाल्यातल्या मासोळ्या

गोंडपिपरीहून निघालेल्या एसटीनं मला चामोर्शीत उतरवलं, तेव्हा चौऱ्याऐंशीचा मे महिना नुसता भाजत होता. मी कराडकडचा, सातवीत शाळा सोडलेला, शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव फिरणारा. परक्या गावात उतरलं की आपलं काहीतरी चुकेल, हीच धास्ती.

गावामागचा नाला आटला होता. उरलेल्या एका डबक्यात दहा-बारा माणसं गुडघाभर उतरून मासोळ्या धरत होती. मला वाटलं, आज यांची मेजवानी! शेवंताबाई नावाच्या शेतमजूर बाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं.

"खायले नाई धरून राह्यलो, भाऊ. हे डबकं चार दिवसांत आटते. ह्याईले खालच्या डोहात नेतो. बघत काऊन उभे? बादली उचला!"

माझ्या बादलीत त्यांनी दोन लहान मासोळ्या आणि एक गाभोळीनं (अंड्यांनी) पोट फुगलेली मोठी सोडली. वर ओलं फडकं टाकलं. "हे जपून न्या. हे जगली तं पुढच्या साली नाल्यात पिल्लं दिसतीन."

वाटेत हातपंप लागला. गढूळ पाण्यात बिचाऱ्या गुदमरत असतील, म्हणून मी अर्धं पाणी ओतून गार, स्वच्छ पाणी भरलं. वीस पावलांत लहान दोन्ही पोट वर करून तरंगू लागल्या. मोठी कलली. मी ओरडलो.

शेवंताबाई कळशी घेऊन धावत आल्या. "हातपंपाचं पानी? एवढं गार त्याईले सोसत नाई! काऊन टाकलं?"

"गढूळ होतं म्हणून..."

"तुमाले त्याईले न्हाऊ घालायले सांगतलं होतं काय?"

मागची माणसं हसली, त्या नाही. कळशीतलं डबक्याचं कोमट पाणी धार धरून बादलीत सोडत त्या हातानं ढवळत राहिल्या. डोहाशी पोचल्यावर मी मोठीला दोन्ही तळव्यांत धरून पाण्यात बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. आधी कल्ले हलले. मग शेपटीचा फटका बसला आणि तळवे रिकामे झाले.

मेलेल्या दोघी शेवंताबाईंनी काठावर पुरल्या. "वाटेत मेली ते आमी खात नाई. खाल्ली असती तं जिती कोनी डोहापर्यंत आनलीच नसती." आणि रिकामी बादली पुन्हा माझ्याच हातात दिली.

दुपारी त्यांच्याकडे भात आणि अंबाडीची भाजी जेवलो. त्यांचे यजमान मला 'हातपंपवाले पाव्हने' म्हणत वाढत होते. उन्हं उतरेपर्यंत मी आणखी सहा खेपा केल्या. चूक झाल्यावरही हातातलं काम कोणी काढून घेतलं नाही, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

परतीच्या एसटीत माझ्या कपड्यांना वास येत होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं नाक मुरडत विचारलं, "मासोळ्या घेतल्या काय बजारातून?"

"नाही," मी म्हटलं, "सोडून आलो."